चौदापैकी चौदा

१

रोवेना ट्रेंबाथ कुणालाही तपासायच्या खुर्चीवर बसवताना पहिलं वाक्य एकच बोलायची, "यात पास-नापास काही नसतं." हे धादांत खोटं होतं आणि पोर्ट कॅराडॉकमधल्या यच्चयावत म्हाताऱ्यांना ते ठाऊक होतं. पंचाहत्तरी उलटली की गाडीच्या परवान्यासाठी दरवर्षी डोळ्यांचा दाखला लागायचा आणि त्या दाखल्यावर सही रोवेनाची असायची. गावात बस मंगळवारी एकदा येते आणि एकदा जाते. गाडी गेली की माणूस घरात बसलाच म्हणून समजा.

तिच्या चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत ते यंत्र होतं. आतून पांढरंशुभ्र, गुळगुळीत, मोठ्या परातीएवढं आणि चांगलं खोलगट. पुढच्या टेबलावर बसणारी डल्सी त्याला 'वाडगा' म्हणायची, म्हणून सगळं गाव वाडगाच म्हणायला लागलं. हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी लावायची आणि मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवे लागतात, विझतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. सात मिनिटांत त्या डोळ्याला काय दिसतं आणि काय नाही, याचा नकाशा कागदावर छापून येतो.

यंत्राची एक लबाडी होती, ती मात्र रोवेना कुणाला सांगत नसे. प्रत्येक डोळ्यात एक जागा ठार आंधळी असते. नस जिथून मेंदूकडे निघते तिथे दिसायची सोयच नसते. उजव्या डोळ्याची ही जागा उजवीकडे पडते, डाव्याची डावीकडे, हात लांब करून धरला तर समोरच्या बिंदूपासून साधारण दीड मूठ अंतरावर. आपल्याला तिचा पत्ता लागत नाही, कारण दोन्ही डोळे उघडे असले की एक दुसऱ्याची उणीव झाकतो आणि एकच उघडा असला की मेंदू आजूबाजूचं बघून तिथे खुशाल थाप मारतो. यंत्र मधूनच, मुद्दाम, या आंधळ्या जागेत दिवा लावायचं. माणूस इमानदारीत मध्यावर बघत असेल तर तो दिवा दिसणं शक्यच नाही. तरी बटण दाबलं गेलं तर समजायचं, नजर भटकतेय किंवा गडी उगाच बटण बडवतोय. कागदाच्या खाली तसा हिशेब यायचा. चौदापैकी शून्य, चौदापैकी एक. पाचाच्या वर गेलं की रोवेना आत जाऊन दटावायची.

एकोणतीस वर्षं ती हे करत होती. नोव्हेंबरात, गव्हाचे ट्रक गावातून धुरळा उडवत जात होते त्या दिवसांत, एका सोमवारी मर्व्ह पेनहॅलचा कागद बाहेर आला. त्यावर खाली लिहिलं होतं, चौदापैकी चौदा.

२

मर्व्हचा एकच डोळा तपासायचा असे. डावा डोळा जेटीवर गहू चढवताना तुटलेल्या तारेने नेला, त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. तिथे काचेचा होता आणि तो खऱ्यापेक्षा जास्त मिश्कील दिसायचा. एका डोळ्यावर आपली गाडी चालवता येते, फक्त तो एक चांगला हवा.

"मर्व्ह, बटण बडवत होतात ना?"

"पोरी, मी तेवीस वर्षं क्रेन चालवलीय. उगाच बटणं दाबायची खोड असती तर खाली उभी असलेली माणसं आज दिसली असती का?"

"मग इकडेतिकडे बघत होतात."

"तू सांगितलंस पिवळ्याकडे बघ, मी पिवळ्याकडे बघितलं. आमच्या लग्नातसुद्धा मी इतका वेळ एका जागी बघितलं नव्हतं."

रोवेनाला हसू आलं, पण कागद हातातच राहिला. उगाच बटण बडवणाऱ्याचा बाकीचा नकाशा चिंध्या झालेला असतो. मर्व्हचा नकाशा स्वच्छ होता, एक डाग नाही. दिवा नसताना एकदाही बटण दाबलेलं नव्हतं. आणि यंत्राच्या छोट्या कॅमेऱ्याने नजरेची जी रेघ काढली होती ती पट्टीने ओढल्यासारखी सरळ होती. डोळा हललाच नव्हता.

"परत एकदा करू या?"

"कर. पण साडेअकराला मी निघणार. नोरीनचं जेवण बाराला असतं."

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मर्व्हची बायको नोरीन चाळीस किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात होती. दोन वर्षांपूर्वी तिने नवऱ्याला ओळखायचं सोडलं आणि आठ महिन्यांपूर्वी बोलायचंही. पण जेवायची ती फक्त त्याच्या हातून. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायची. हिवाळ्यात मर्व्ह आठ दिवस तापाने पडला, तेव्हा नोरीनचं वजन पाच किलोंनी उतरलं आणि तिथल्या डॉक्टरांनी नळीची भाषा सुरू केली. तेव्हापासून मर्व्हने एक दिवस चुकवला नव्हता. त्याचा परवाना म्हणजे नोरीनचं जेवण होतं, आणि हे रोवेनाला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्यांदाही चौदापैकी चौदा.

"नेमकं काय दिसतं तुम्हाला?"

"दिवा, तुझाच." मर्व्हने टोपी हातात फिरवली. "म्हणजे कसं, बाकीचे दिवे त्या वाडग्याच्या भिंतीवर लागतात. हा कशावर तरी पडतो. भिंतीच्या अलीकडे."

"कशावर?"

"ते बघायला दिवा जरा जास्त वेळ ठेवावा लागेल तुला," असं म्हणून तो गेला.

रोवेनाने स्वतःला समजावलं. डोळ्यात उजेड विखुरतो, आंधळ्या जागेच्या काठाला थोडा सांडतो, माणसाला दिसल्याचा भास होतो. पुस्तकात हे आहे. मात्र तो विखुरलेला उजेड भिंतीच्या अलीकडे दिसत नाही, हेही पुस्तकात आहे. तिने कागद खणात घातला आणि दाखल्यावर सही न करता दुपारचा चहा घेतला.

३

बुधवारी शाळेतल्या ग्रंथपालबाईंचे चौदापैकी तेरा आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे. गुरुवारी शिंपल्यांच्या बोटीवरचा एक धट्टाकट्टा चाळिशीचा माणूस आला, त्याचे चौदा. शुक्रवारपर्यंत सातजण झाले. सगळ्यांचे नकाशे स्वच्छ, सगळ्यांच्या नजरा स्थिर. रोवेनाने प्रत्येकाला सहज विचारल्यासारखं विचारलं आणि प्रत्येकाने खांदे उडवले. दिवा दिसला, दाबलं. त्यात काय सांगायचं?

"यंत्र बिघडलंय," डल्सी म्हणाली. डल्सीच्या मते जगात जे काही बिघडतं ते यंत्रच असतं, माणसं नसतात. "आणि एक सांगू? हल्ली आतून बाहेर येणारा जो तो दार धरून उभा राहतो. बघितलंस का?"

"म्हणजे?"

"म्हणजे मागून कुणी येत असलं की आपण नाही का धरत? तसं. दोन-तीन क्षण. मग सोडतात. मला वाटलं तू येत असशील मागून. पण तू आत असतेस."

रोवेना म्हणाली, दाराची स्प्रिंग कडक झालीय. डल्सी म्हणाली, बरं.

सोमवारी ॲडलेडहून झोरान आला. दर सहा महिन्यांनी येणारा तंत्रज्ञ, बोलका, कुठल्याही दुकानात गेला की आधी कॉफी मागणारा. त्याने दिवे मोजले, कॅमेरा पाहिला, वाडगा ओल्या फडक्याने पुसला.

"ठणठणीत आहे. कशाला टेन्शन घेतेस? तो आंधळ्या जागेचा प्रकार बंद करून टाक. माझ्याकडची अर्धीअधिक दुकानं बंदच ठेवतात. दर माणसामागे दीड मिनिट वाचतं आणि म्हातारे वैतागत नाहीत."

"पण मग नजर स्थिर आहे की नाही ते कसं कळणार?"

"कॅमेरा आहे की. आणि तू आहेस."

"तू स्वतः एकदा बसून बघतोस?"

झोरानने घड्याळ बघितलं, मग वाडग्याकडे बघितलं. "मला अजून तीन दुकानं करायचीत," तो म्हणाला आणि कॉफी अर्धी ठेवून उठला.

तो गेल्यावर रोवेनाने यंत्राच्या तपासण्यांच्या यादीत जाऊन एक खूण काढून टाकली. इतकंच. त्यानंतर यंत्राने आंधळ्या जागेत डोकवायचं सोडलं आणि कागदावरची ती ओळच नाहीशी झाली. मर्व्हला तिने मंगळवारी पुन्हा बोलावलं. नकाशा स्वच्छ, आकडा नाही. तिने दाखल्यावर सही केली. मर्व्हने तिच्या हातावर थोपटलं आणि घाईने निघाला. बाहेर पडताना त्यानेही दार धरलं. रोवेनाला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तिने डल्सीला बेकरीतून दोन पेस्ट्या, मटण भरलेल्या मोठ्या करंज्याच, आणायला पाठवलं, आणि खाताना आपण काहीतरी लपवलंय असं मनात आलं ते तिने पेस्टीबरोबर गिळून टाकलं.

४

रविवारी भाऊ जेवायला आला. अँसेल ट्रेंबाथ तीस वर्षं ॲडलेडच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होता आणि आता गावाबाहेर ऑलिव्हची झाडं लावून त्यांच्याशी वाद घालत होता. रोवेनाच्या मते झाडांचाच विजय होत असे.

तिने त्याला सगळं सांगितलं. मर्व्हचं नाव तेवढं टाळलं, पण एकडोळे म्हातारे गावात कितीसे असणार?

"तुझी पंचाईत अशी आहे, रो," तो मसाल्याचं मटण काट्याने उकरत म्हणाला, "की दिसणं या एका गोष्टीवर चार घरं मालकी सांगतात. पदार्थविज्ञानवाला म्हणतो, उजेड येऊन पडला की झालं. तू म्हणतेस, नसेने तो वाहून नेला की झालं. मानसशास्त्रवाला म्हणतो, छे, मनाने अंदाज बांधला की झालं. कोर्टात तर शपथ घेऊन सांगितलं की झालं."

"आणि तुम्ही तत्त्वज्ञ?"

"आम्ही विचारतो, तिथे काही होतं का? आणि आम्हाला कुणी जेवायला बोलावत नाही."

"मी बोलावते. उपकार समज."

"विचार कर ना. ज्या जागेबद्दल डोळा काहीच सांगत नाही, तिथे मेंदू भिंतीला भिंत जोडून देतो, गवताला गवत. आयुष्यभर आपण त्या दोन भोकांमध्ये काय आहे ते बघितलेलंच नसतं. तिथे कुणी उभं राहिलं तर लपायला त्याहून चांगली जागा नाही."

"हे तू पोरांना शिकवायचास? पगार घेऊन?"

"पोरं झोपायची. थांब, तुला दाखवतो." त्याने टेबलक्लॉथवर दोन ऑलिव्ह मांडली, एक नाकासमोर आणि एक उजवीकडे. डावा डोळा मिटला, समोरच्या ऑलिव्हवर नजर रोवली आणि मान हळूहळू मागेपुढे करू लागला. हा खेळ रोवेनाने हजारदा दाखवला होता. एका ठरावीक अंतरावर उजवीकडचं ऑलिव्ह नाहीसं होतं आणि तिथे टेबलक्लॉथच्या निळ्या चौकटी दिसतात. मुलं खिदळतात.

अँसेलची मान थांबली.

"गेलं?" तिने विचारलं.

"गेलं."

"चौकटी दिसल्या?"

त्याची नजर समोरच्या ऑलिव्हवरच खिळली होती. चेहऱ्यावरचं चेष्टेखोर हसू तसंच होतं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला होता. तो श्वाससुद्धा बेताने घेत होता, जसं झोपलेल्या मुलाच्या खोलीत घेतात. मग त्याने दोन्ही डोळे उघडले, दोन्ही ऑलिव्ह उचलून बशीत टाकले आणि बशी बाजूला सरकवली.

"अँसेल, काय दिसलं?"

"मटण गार होतंय तुझं."

त्याने भांडी घासली, न सांगता. जन्मात न केलेली गोष्ट. निघताना गाडीच्या दाराशी थबकला. "तू स्वतःवर केलंस का हे?"

"नाही अजून."

"करू नकोस."

अँसेलने तिला आजवर एकही सल्ला टोमण्याशिवाय दिला नव्हता. हा दिला. रोवेनाला भीती वाटली ती तेव्हा, यंत्राच्या आकड्यांनी वाटली नव्हती.

त्यानंतर ती एक डोळा मिटेनाशी झाली. तोंड धुताना दोन्ही मिटायची. डोळ्यात कुसळ गेलं तर दोन्ही घट्ट मिटून पाण्याने धुवायची. शेजारचं तान्हं बाळ डोळा मारला की खुदकन हसायचं, त्याला तिने नुसती जीभ काढून दाखवली. आपण बाई शहाण्या, शास्त्र शिकलेल्या, असं ती स्वतःला बजावायची आणि तरीही वाडग्यासमोर बसायचं धाडस करायची नाही. बसलं की एकदाचा निकाल लागला असता. निकाल तिला नको होता.

५

तीन आठवड्यांनी मर्व्ह वेळ न घेता आला. सकाळचे साडेदहा वाजले होते. त्याच्या गाडीचा पुढचा बंपर एका बाजूला लोंबत होता आणि त्यात गव्हाची वाळकी खुंटं अडकली होती. डल्सीने ते काचेतून बघितलं आणि न सांगता किटली चढवली.

"काल धान्याच्या सायलोच्या वळणावर डांबर सोडलं मी," तो तपासायच्या खुर्चीत बसत म्हणाला. "शेतात गेलो सरळ. समोरून ट्रक येत होता. त्या बिचाऱ्याने हॉर्न वाजवला म्हणून."

"झोप लागली होती?"

"नाही, बघायला वळलो." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "हसू नकोस, रोवेना."

त्याने तिला आयुष्यात प्रथमच नावाने हाक मारली होती. तिला हसू येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"जूनमध्ये सुरू झालं. तेव्हा लांब होतं, कुंपणापाशी. नजर समोर ठेवली की उजवीकडे. सरळ बघायला गेलं की नाही. मला वाटलं मोतीबिंदूची सुरुवात असेल. मग रस्त्याच्या कडेला आलं. गाडी ऐंशीने चालली तरी मागे पडत नाही. गेल्या महिन्यात बॉनेटपाशी होतं."

"माणूस आहे?"

"माणूस असता तर माणूस म्हणालो असतो."

"मग कसं आहे?"

"उभं आहे," तो म्हणाला. "एवढं नक्की. आणि पाठ होती त्याची आधी. तुला दोन डोळे आहेत पोरी, एक दुसऱ्याचं झाकतो. माझं झाकायला कुणी नाही."

बाहेर डल्सीने कप मांडल्याचा आवाज आला. मर्व्ह काचेच्या आणि खऱ्या, दोन्ही डोळ्यांनी जमिनीकडे बघत होता.

"खरं सांगू? आधी मला वाटलं नोरीनच असेल. तिच्यातून जे जे गेलं, माझं नाव, पोराचं नाव, चहा कसा करायचा ते, ते कुठेतरी जात असेल ना? चाळीस किलोमीटर चालत येत असेल घरी. बरं वाटायचं मला. मी बोलायचोसुद्धा त्याच्याशी गाडीत." त्याने नाक ओढलं. "पण नोरीन इतकी जवळ येऊन इतका वेळ गप्प उभी राहिली नसती. एकदा तरी म्हणाली असती, पाय पुस."

रोवेनाने खण उघडला आणि पहिले दोन कागद त्याच्यासमोर ठेवले. "तुमचे चौदाच्या चौदा आले होते, मर्व्ह. दोन्ही वेळा. मी ती तपासणी बंद केली आणि मग सही केली."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"आकडा माहीत होता."

"आकडा!" तो म्हणाला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "ट्रकमध्ये पोरगं होतं ग. विशीचं असेल. माझी गाडी ढकलून द्यायला उतरलं आणि मलाच विचारत होतं, आजोबा, लागलं का?"

"मी दाखला मागे घेतेय. आजच कळवते."

"कळव. मीच सांगायला आलो होतो." त्याने खिशातून किल्ल्या काढल्या आणि कागदांवर ठेवल्या. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याची मान आपोआप वळली. अकरा वाजत आले होते. "पण मग तिला कोण भरवणार?"

उद्याचं रोवेनाला माहीत नव्हतं. डल्सी, अँसेल, चर्चमधल्या बायका, काहीतरी वाटून घेता आलं असतं. "आज मी नेते तुम्हाला," ती म्हणाली आणि कोट उचलला.

६

रस्ता रिकामा होता. कापलेल्या शेतांवर ऊन पसरलं होतं आणि समुद्र एका बाजूला सपाट पडला होता. मर्व्ह डावीकडच्या सीटवर अगदी ताठ बसला होता, समोर नजर लावून. मांडीवर डबा, त्यात पीच साखरेत शिजवून मऊ केलेले. नोरीनला तिथला भोपळा आवडत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

सायलो मागे पडल्यावर तो म्हणाला, "आज बॉनेटवर नाही."

"गेलं?"

"नाही." त्याने मांडीवरचा डबा घट्ट धरला. "आपल्या दोघांच्या मध्ये आहे. तू रस्ता बघ."

रोवेनाने रस्ता बघितला. दोन सीटच्या मध्ये हँडब्रेक होता, तिची पर्स होती आणि बाकी काही नव्हतं. हे तिने दोन्ही डोळ्यांनी नीट पाहिलं होतं. तरी उरलेला रस्ता तिने डावं कोपर अंगाशी घेऊन गाडी चालवली.

शुश्रूषागृहात खिडकीपाशी उन्हात नोरीन बसली होती. केस कुणीतरी छान विंचरले होते. मर्व्ह तिच्या उजव्या हाताला खुर्ची ओढून बसला, रोवेना समोर एका बुटक्या स्टुलावर. नोरीनच्या डाव्या बाजूला, खिडकीकडे, एक हिरव्या गादीची खुर्ची रिकामी होती. मर्व्हने रुमाल पसरला, चमचा फुंकला, "हे घे, राणी," म्हणाला. नोरीनने तोंड उघडलं. एका सहीने रोवेनाने हे पणाला लावलं होतं. एका ट्रकवाल्या पोराने हॉर्न वाजवला नसता तर आज या बाईने ओठ मिटून घेतले असते.

अर्धा डबा झाला. नोरीनची नजर नेहमी कुठेतरी भलतीकडे असायची, ती हळूहळू फिरत येऊन रोवेनाच्या चेहऱ्यावर थांबली. थांबली ती हलेना. मग नोरीनने एक हात उचलला. सावकाश, लहान मुलाला काही दाखवताना उचलतात तसा, आणि आपला तळहात रोवेनाच्या डाव्या डोळ्यावर ठेवला.

"अगं, असू दे तिला," मर्व्ह म्हणाला.

रोवेना मागे सरली नाही. मागे सरणं हा पळपुटेपणा झाला असता आणि पळणं तिचं करून झालं होतं. तळहात कोरडा आणि उबदार होता. तिने उजव्या डोळ्याने नोरीनच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं ठरवलं. आता खिडकीकडची खुर्ची नेमकी त्या जागी पडणार होती. हिरवी गादी विरून जाईल आणि तिथे भिंतीचा पिवळट रंग पसरेल. तसंच होतं. प्रत्येकाचं होतं.

गादी विरली. भिंतीचा रंग पसरला नाही.

तिथे बसलेलं होतं. आकार असा धरता येईना. कपडा म्हणावा तर कपडा नाही, केस म्हणावेत तर केस नाहीत. फक्त इतकं कळत होतं की त्याला घाई नाही, आणि ते आता पाठमोरं नाही. ते मर्व्हकडेही बघत नव्हतं आणि नोरीनकडेही नाही. एकोणतीस वर्षं लोकांना तपासणाऱ्या रोवेनाला तपासलं जाणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

"दिसलं?" मर्व्हने कुजबुजत विचारलं. त्याचा आवाज आशेने नुसता फुटत होता. ते तिलाही दिसलं असेल तर तो वेडा नव्हता.

हो म्हटलं की ते खरं होणार होतं.

"नाही," ती म्हणाली.

"खोटं," नोरीन म्हणाली.

चमचा खाली पडला. मर्व्ह खुर्चीतून अर्धवट उठला, तोंड उघडं, पीचचा पाक शर्टावर. "नोरीन? बोललीस तू? अगं, परत बोल. नर्स! कुणीतरी या इकडे! ती बोलली!"

नोरीन त्याच्याकडे वळली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं बायको नवऱ्याला बघते तसं. "मर्व्ह," ती म्हणाली, "दाढी केली नाहीस आज."

म्हातारा ढसाढसा रडायला लागला. कॉरिडॉरमधून पावलं धावत येत होती. नोरीनने त्याचा तो मोठा, क्रेनवर काम केलेला हात आपल्या हातांत घेतला आणि कुरवाळू लागली. एक हात खाली, एक वर, मध्ये मर्व्हचा. रोवेनाला उजव्या डोळ्याने ते अगदी स्पष्ट दिसत होतं. तिने पुन्हा एकदा नीट पाहिलं, दोन्ही हात नोरीनचेच होते.

डाव्या डोळ्यावरचा तळहात तेवढा अजून उचलला गेला नव्हता.